गोळी संघीय अधिकाऱ्याची, जाब संसदेचा: अमेरिकेचे कायदेमंडळ बळाच्या वापरावर लक्ष कसे ठेवते

१८ ऑक्टोबर २०१७ रोजी, अजून उजाडलेही नव्हते तेव्हा, अटलांटा शहराच्या उपनगरातील एका घराचे दार फोडून एफबीआयचे सशस्त्र पथक आत शिरले. शिरताना त्यांनी डोळे दिपवणारा आणि कानठळ्या बसवणारा बाँब आत फेकला. घरातले जोडपे जीव मुठीत धरून कपड्यांच्या कपाटात लपले आणि त्यांचा सात वर्षांचा मुलगा दुसऱ्या खोलीत एकटाच राहिला. अधिकाऱ्यांनी घरातल्या पुरुषाला बाहेर ओढून बेड्या घातल्या, बंदुका रोखल्या आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. तेवढ्यात एका अधिकाऱ्याची नजर घरात पडलेल्या टपालावर गेली. त्यावरचा पत्ता वॉरंटवरच्या पत्त्याशी जुळत नव्हता. पथक चुकीच्या घरात शिरले होते.

पथकाच्या प्रमुखाने नंतर येऊन माफी मागितली. पण फुटलेले दार, मोडलेले सामान आणि मुलाच्या मनावर झालेला आघात यांची भरपाई कोणाकडे मागायची, हा प्रश्न त्या कुटुंबासमोर उभा राहिला, आणि त्याचे पहिले उत्तर मिळवण्यासाठी त्यांना २०२५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. ते उत्तर ज्या कायद्यात सापडले, तो कायदा कायदेमंडळाने १९७४ साली अशाच एका चुकीच्या घरावरच्या छाप्यानंतर केला होता. संघीय अधिकाऱ्यांनी वापरलेल्या बळावर अमेरिकेचे कायदेमंडळ लक्ष कसे ठेवते, हे समजून घ्यायला ही दोन टोके जोडून पाहणे उपयोगी पडते.

प्रथम थोडी ओळख करून घेऊ. अमेरिकेत रस्त्यावर दिसणारे बहुतेक पोलिस शहराचे, जिल्ह्याचे किंवा राज्याचे असतात. त्यांच्याखेरीज केंद्र सरकारचे, म्हणजे संघीय अधिकारी असतात. एफबीआय, अमली पदार्थविरोधी डीईए, शस्त्रास्त्रांवर नजर ठेवणारी एटीएफ आणि यूएस मार्शल्स या यंत्रणा न्याय विभागाखाली येतात. सीमेवरची सीबीपी, देशाच्या आत स्थलांतर कायद्याची अंमलबजावणी करणारी आयसीई आणि राष्ट्राध्यक्षांचे रक्षण करणारी सीक्रेट सर्व्हिस या होमलँड सिक्युरिटी विभागाखाली येतात. राष्ट्रीय उद्यानांचे पार्क पोलिस गृह विभागाकडे असतात; तिथला गृह विभाग म्हणजे जमीन, उद्याने आणि खनिजे सांभाळणारे खाते, आपल्या गृहखात्याशी त्याचा संबंध नाही. २०२० सालच्या सरकारी गणनेनुसार अशा पूर्णवेळ संघीय अधिकाऱ्यांची संख्या सुमारे १ लाख ३७ हजार होती. आणि 'काँग्रेस' हा शब्द पुढे येईल तेव्हा आपल्याकडचा पक्ष बाजूला ठेवावा. प्रतिनिधिगृह आणि सिनेट मिळून बनलेल्या तिथल्या संसदेचे ते नाव आहे.

अधिकाऱ्याने बळ किती वापरावे याचा मूळ निकष राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीत आहे. ही दुरुस्ती अवाजवी झडती आणि अवाजवी अटक यांपासून नागरिकाला संरक्षण देते. तिच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सांगितले की पळून जाणाऱ्या संशयितापासून कोणाच्याही जिवाला धोका नसेल, तर केवळ तो पळतो आहे म्हणून त्याच्यावर गोळी झाडता येणार नाही. १९८९ साली न्यायालयाने त्यापुढे जाऊन, त्या जागी असलेल्या समंजस अधिकाऱ्याला ते बळ वाजवी वाटले असते का, ही कसोटी घालून दिली. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने एकमताने स्पष्ट केले की गोळी झाडण्याचा तो एक क्षण तेवढा तोडून पाहायचा नसतो, त्याआधी काय घडले तेही विचारात घ्यायचे असते. मात्र सर्व संघीय यंत्रणांना एकाच मापाने लागू होईल असा प्राणघातक बळाविषयीचा सर्वसमावेशक कायदा काँग्रेसने आजवर केलेला नाही. प्रत्यक्षात अधिकाऱ्याच्या हाती असते ते त्याच्या विभागाचे धोरण. ते विभागप्रमुख ठरवतो आणि विभागप्रमुखच बदलू शकतो.

आता विषयाच्या गाभ्याकडे येऊ. शहर पोलिसाने अवाजवी बळ वापरले, तर नागरिक १८७१ सालच्या एका कायद्याखाली त्याच्यावर थेट दिवाणी दावा लावू शकतो. तो मार्गही सोपा नाही, पण तो आहे. हा कायदा राज्य आणि स्थानिक अधिकाऱ्यांपुरता आहे. संघीय अधिकाऱ्यांसाठी तसा कायदा काँग्रेसने केलाच नाही. ती उणीव सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली स्वतः भरून काढण्याचा प्रयत्न केला. अमली पदार्थ विभागाच्या अधिकाऱ्यांनी ब्रुकलिनमधील एका माणसाच्या घरात वॉरंटशिवाय शिरून, बायकामुलांसमोर त्याला बेड्या घातल्या होत्या. कायदा नसला तरी थेट राज्यघटनेच्या आधारे अशा अधिकाऱ्यावर दावा लावता येईल, असे न्यायालयाने त्या प्रकरणात म्हटले. पुढच्या पन्नास वर्षांत मात्र न्यायालयानेच हे दार हळूहळू लोटत आणले. २०१० साली टेक्सासच्या सीमेवर एका संघीय अधिकाऱ्याने झाडलेली गोळी पलीकडे मेक्सिकोच्या हद्दीत असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला लागून तो मेला. २०२० साली न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याच्या आईवडिलांना दावा नाकारला. २०२२ च्या आणखी एका निकालात तर न्यायालयाने असे सांगितले की, नुकसानभरपाईचा मार्ग घालून देण्यास काँग्रेस अधिक योग्य आहे असे मानायला एक जरी कारण असले, तरी न्यायालयाने हात आखडता घ्यावा.

फौजदारी मार्गही अरुंद आहे. संघीय सरकारने आपल्याच अधिकाऱ्यावर खटला भरायचा, तर त्याने 'जाणूनबुजून' नागरिकाचा हक्क हिरावला हे सिद्ध करावे लागते. राज्य सरकारने खटला भरायचा, तर संघीय कर्तव्य बजावताना आवश्यक आणि योग्य तेवढेच केले असेल तर राज्याला त्या अधिकाऱ्यावर खटला चालवता येत नाही, हे १८९० पासूनचे तत्त्व आड येते. न्यायालय म्हणते की हे काम काँग्रेसचे आहे, आणि म्हणूनच संघीय अधिकाऱ्याच्या बाबतीत कायदेमंडळाची देखरेख हा दाद मागण्याच्या मोजक्या उरलेल्या मार्गांपैकी एक ठरतो. माझ्या मते हा मुद्दा नीट लक्षात आला नाही, तर समित्यांच्या सुनावण्या म्हणजे दूरचित्रवाणीवरचा वादविवाद वाटतो आणि त्यामागचे मोल हातून निसटते.

काँग्रेस कायद्यातून काय करू शकते, याचे उदाहरण १९७३ चे आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये इलिनॉय राज्यातील कॉलिन्सव्हिल या छोट्या गावात अमली पदार्थविरोधी संघीय पथकाने एकाच संध्याकाळी दोन कुटुंबांच्या घरांवर छापे घातले. दोन्ही घरे चुकीची होती आणि वॉरंट एकाही घरासाठी नव्हते. दारे लाथांनी उघडली गेली, माणसांवर बंदुका रोखल्या गेल्या. त्या काळी सरकारवर नुकसानभरपाईचा दावा लावण्यासाठी १९४६ चा एक कायदा होता, पण मारहाण, बेकायदा अटक, डांबून ठेवणे अशा मुद्दाम केलेल्या कृत्यांना त्यातून वगळले होते. म्हणजे सरकारी मोटारीने धडक दिली तर भरपाई मिळे, सरकारी अधिकाऱ्याने घरात शिरून मारले तर मिळत नसे. इलिनॉयचे सिनेटर चार्ल्स पर्सी यांनी हा विषय लावून धरला. मार्च १९७४ मध्ये काँग्रेसने कायद्यात दुरुस्ती करून, अशी कृत्ये संघीय पोलिस अधिकाऱ्याने केली असतील तर सरकारवर दावा लावता येईल, अशी तरतूद जोडली.

अटलांटाच्या कुटुंबाने ५१ वर्षांनंतर हीच तरतूद पुढे केली. खालच्या न्यायालयांनी त्यांचा दावा फेटाळला होता. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते निकाल रद्द करून प्रकरण परत पाठवले आणि सरकारच्या बचावातला एक मोठा मुद्दा काढून टाकला. कुटुंब जिंकले असे अजून म्हणता येत नाही, कारण अधिकाऱ्याच्या स्वेच्छाधिकारात मोडणाऱ्या निर्णयांना याच कायद्यात असलेली सूट तिथे लागू होते का, हे खालच्या न्यायालयाला ठरवायचे होते. शिवाय या कायद्याखाली प्रतिवादी सरकार असते, ज्याने दार फोडले तो अधिकारी नसतो. खटल्यात ज्यूरी बसत नाही आणि दंडात्मक भरपाईही मिळत नाही. तरीही १९७४ ची ती दुरुस्ती नसती, तर या कुटुंबाला न्यायालयात उभे राहण्यासाठी जागाच उरली नसती.

दुसरे साधन म्हणजे चौकशी आणि सुनावणी. समितीला समन्स काढून साक्षीदार बोलावण्याचा आणि कागदपत्रे मागवण्याचा अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९२७ सालीच मान्य केले आहे. या साधनाची खरी ताकद पाहायची असेल, तर आयडाहो राज्यातील रूबी रिज या डोंगरावरचे प्रकरण पाहावे.

ऑगस्ट १९९२ मध्ये शस्त्रास्त्रांच्या एका गुन्ह्यात न्यायालयात हजर न झालेल्या रँडी वीव्हर यांच्या डोंगरावरील झोपडीवजा घराजवळ मार्शल्सची चकमक झाली. तीत एक मार्शल आणि वीव्हर यांचा १४ वर्षांचा मुलगा ठार झाले. एफबीआयचे ओलिस-सुटका पथक तिथे पोहोचले, तेव्हा त्यांना या मोहिमेपुरते वेगळे नियम देण्यात आले होते. एफबीआयचा नेहमीचा नियम असा होता की स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तरच प्राणघातक बळ वापरावे. नव्या नियमात मात्र, शरण येण्याचे आवाहन करण्याआधी कोणताही प्रौढ पुरुष शस्त्रासह दिसला, तर मुलांना धोका नसल्यास प्राणघातक बळ 'वापरता येईल आणि वापरावे' असे शब्द होते. 'येईल' या शब्दाने परवानगी दिली होती आणि 'वापरावे' या शब्दाने तिचा जवळपास आदेश केला होता. दुसऱ्या दिवशी पथकाच्या नेमबाजाने दोन गोळ्या झाडल्या. पहिलीने वीव्हर जखमी झाले. दुसरी, लोक घरात परतत असताना, दारातून आरपार गेली आणि दाराआड दहा महिन्यांचे बाळ कडेवर घेऊन उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी व्हिकी यांना लागली. त्या जागीच मेल्या.

त्यानंतर तीन वर्षे विभागांतर्गत चौकश्या होत राहिल्या. हे नियम कोणी मंजूर केले, यावर वरिष्ठांची वक्तव्ये एकमेकांशी जुळेनात. सप्टेंबर १९९५ मध्ये सिनेटर आर्लेन स्पेक्टर यांच्या अध्यक्षतेखालील न्यायविषयक उपसमितीने जाहीर सुनावण्या सुरू केल्या. गोळी झाडणारा नेमबाज समितीसमोर आला आणि स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या घटनादत्त हक्काचा आधार घेऊन त्याने उत्तरे नाकारली. एफबीआयचे संचालक लुईस फ्री यांनी आपल्या यंत्रणेच्या चुका समितीसमोर मान्य केल्या. उपसमितीच्या अहवालाने ते विशेष नियम घटनाबाह्य ठरवले. आणि सुनावण्या चालू असतानाच, ऑक्टोबर १९९५ मध्ये, ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय विभागाच्या प्रमुख, जॅनेट रेनो यांनी विभागाच्या सर्व यंत्रणांसाठी प्राणघातक बळाचे एकच धोरण जाहीर केले. त्यात 'निकट धोका' ही अट सगळ्यांसाठी सारखी झाली. त्याआधी ऑगस्टमध्ये सरकारने वीव्हर कुटुंबाशी ३१ लाख डॉलरची तडजोड केली होती. घटनेनंतर तयार झालेला एक टीकात्मक अहवाल नष्ट केल्याबद्दल एफबीआयच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला पुढे तुरुंगवासही झाला. समितीने कोणाला शिक्षा केली नाही, तो तिचा अधिकारही नव्हता. पण एका मोहिमेपुरते कागदावर उतरलेले दोन शब्द तिने देशासमोर मोठ्याने वाचायला लावले, आणि त्यानंतर ते शब्द कोणालाही पाठीशी घालता आले नाहीत.

सुनावणीला प्रसिद्धी मिळते. त्यामानाने मोजदाद हे काम दुर्लक्षित राहते, आणि मला वाटते की सगळ्यात मोठी हेळसांड तिथेच झाली आहे. १९९४ च्या कायद्यात काँग्रेसने ॲटर्नी जनरलवर अवाजवी बळाच्या वापराची माहिती गोळा करून दरवर्षी तिचा सारांश प्रसिद्ध करण्याची जबाबदारी टाकली. तीन दशके लोटली, तरी संपूर्ण देशाचा भरवशाचा आकडा तयार झालेला नाही. एफबीआयने जानेवारी २०१९ मध्ये बळाच्या वापराची राष्ट्रीय नोंद सुरू केली. मृत्यू, गंभीर इजा किंवा माणसाच्या दिशेने झाडलेली गोळी अशा घटना तीत नोंदवल्या जातात, पण कायद्याने ती ऐच्छिकच आहे. डिसेंबर २०१४ मध्ये मंजूर झालेल्या कोठडीतील मृत्यूंच्या कायद्याने मात्र संघीय यंत्रणांना अटकेच्या वेळी आणि ताब्यात असताना झालेले मृत्यू कळवणे बंधनकारक केले. सरकारी हिशेब आणि कारभार तपासून काँग्रेसला अहवाल देणारे एक स्वतंत्र कार्यालय आहे, आपल्या कॅगशी काहीसे मिळतेजुळते. त्याने २०२३ साली होमलँड सिक्युरिटी विभागाच्या चार यंत्रणांच्या नोंदी तपासल्या. तेव्हा असे आढळले की बळाच्या वापराच्या अनेक कृती काही वेळा एकच घटना म्हणून मोजल्या जात होत्या. एका रात्रीत पाच जणांवर बळ वापरले आणि कागदावर 'एक' लिहिले, तर वर्षाच्या शेवटी येणारा आकडा समितीला काहीच सांगत नाही.

प्रत्येक मोठ्या विभागात एक इन्स्पेक्टर जनरल असतो. महानिरीक्षक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पोलिस अधिकारी येतो, म्हणून मी मूळचाच शब्द ठेवला आहे. १९७८ च्या कायद्याने निर्माण झालेला हा अधिकारी विभागात बसून विभागाचीच तपासणी करतो आणि आपले अहवाल विभागप्रमुखाबरोबर काँग्रेसलाही देतो. १ जून २०२० रोजी वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट चौकातून निदर्शकांना बळाने हटवण्यात आले, तेव्हा प्रतिनिधिगृहाच्या समितीने पार्क पोलिसांच्या प्रमुखाची साक्ष घेतली आणि गृह विभागाच्या इन्स्पेक्टर जनरलने स्वतंत्र चौकशी केली. जून २०२१ च्या त्याच्या अहवालाचा निष्कर्ष असा होता की पार्क पोलिसांनी चौक रिकामा केला तो कुंपण उभारण्यासाठी, राष्ट्राध्यक्षांना शेजारच्या चर्चकडे जाता यावे म्हणून नव्हे; मात्र जागा सोडण्याचा इशारा सगळ्यांना ऐकू जाईल असा दिला गेला नव्हता. म्हणजे एकाच अहवालात पोलिसांच्या बाजूचे आणि विरुद्धचे, दोन्ही निष्कर्ष होते, आणि स्वतंत्र तपासाकडून हीच अपेक्षा असते. त्या कार्यालयाचे तेव्हाचे प्रमुख जानेवारी २०२५ मध्ये एका रात्रीत हटवलेल्या डझनाहून अधिक इन्स्पेक्टर जनरलांपैकी एक होते. अशा हकालपट्टीआधी ३० दिवस काँग्रेसला सविस्तर कारणे कळवावी लागतात, असा कायदा २०२२ पासून होता. ही हकालपट्टी बेकायदा असल्याचे एका संघीय न्यायाधीशाने सप्टेंबर २०२५ मध्ये म्हटले, पण त्यांना पुन्हा पदावर बसवले नाही.

पैशाची नाडी काँग्रेसच्या हाती असते, हे पाठ्यपुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलेले असते. दरवर्षी अनुदान मंजूर करताना अटी घालता येतात. उदाहरणार्थ, खासदारांना स्थलांतरितांच्या कोठड्यांची पूर्वसूचनेशिवाय पाहणी करू द्यावी, ही अट अनुदानाच्या कायद्यातूनच आली आहे. पण पैसा अनेक वर्षांचा एकदम दिला, तर ही नाडी सैल पडते. जुलै २०२५ च्या मोठ्या अर्थविषयक कायद्याने आयसीईला सुमारे ७५ अब्ज डॉलर दिले, आणि ते सप्टेंबर २०२९ पर्यंत वापरता येतात. त्याआधी या यंत्रणेचा वर्षाचा खर्च १० अब्ज डॉलरच्या आसपास होता. पुढच्या वर्षी अनुदान मागायला यावेच लागेल, हा धाक त्यामुळे बराच कमी झाला.

या सगळ्या साधनांची किल्ली बहुमताकडे असते. समितीचा अध्यक्ष बहुमताच्या पक्षाचा, समन्स काढायचे की नाही हे ठरवणार तोच, आणि कोणती सुनावणी घ्यायची हेही त्याच्याच हाती. राष्ट्राध्यक्ष आणि बहुमत एकाच पक्षाचे असले, तर चौकशीचा वेग मंदावतो. दोन्ही पक्षांच्या काळात हे घडलेले आहे. बेळगावात लहानपण गेलेले मराठी भाषक खासदार श्री ठाणेदार हे २०२३ पासून मिशिगनचे प्रतिनिधी आहेत आणि प्रतिनिधिगृहाच्या होमलँड सिक्युरिटी समितीचे सदस्य आहेत. ते अल्पमताच्या बाजूला बसतात, म्हणजे अधिकाऱ्याला साक्षीत प्रश्न विचारू शकतात, पण त्याला बोलावणे स्वबळावर करू शकत नाहीत. अल्पमताच्या हाती पत्र असते, आणि १९२८ चा एक जुना कायदा असतो, ज्यानुसार प्रतिनिधिगृहाच्या देखरेख समितीचे सात सदस्य मिळून सरकारकडे माहिती मागू शकतात.

पत्रामागे बहुमत असले, तर त्याचेही वजन पडते. सीबीपीच्या सीमा गस्त दलाची स्वतःची 'गंभीर घटना पथके' होती. आपल्या अधिकाऱ्यांनी बळ वापरले की घटनास्थळी जाऊन ती पुरावे गोळा करत. दलाला कायदेशीर जबाबदारीतून सोडवण्यासाठी हीच पथके काम करतात, असा आक्षेप नागरी हक्क संघटना अनेक वर्षे घेत होत्या. जानेवारी २०२२ मध्ये दोन्ही सभागृहांतील समित्यांच्या अध्यक्षांनी याविषयी चौकशीची पत्रे पाठवली. मे महिन्यात सीबीपीच्या आयुक्तांनी ही पथके बरखास्त करण्याचा आदेश काढला आणि काम वेगळ्या, व्यावसायिक जबाबदारी पाहणाऱ्या शाखेकडे दिले. त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही.

ओळखीचा प्रश्न मात्र कायद्याशिवाय सुटला नाही. २०२० च्या उन्हाळ्यात पोर्टलंडमध्ये निदर्शनांच्या काळात गणवेशावर नाव वा ओळख नसलेले संघीय अधिकारी लोकांना खुणा नसलेल्या गाड्यांत बसवून नेत होते. बळ कोणी वापरले हेच कळले नाही, तर तक्रार कोणाविरुद्ध करायची? काँग्रेसने संरक्षण खर्चाच्या वार्षिक कायद्यात एक कलम घातले, की नागरी अशांततेच्या वेळी तैनात असलेल्या संघीय अधिकाऱ्याने आपली वैयक्तिक ओळख आणि यंत्रणेचे नाव दिसेल असे लावले पाहिजे. राष्ट्राध्यक्षांनी डिसेंबर २०२० मध्ये, वेगळ्या कारणांसाठी, तो संपूर्ण कायदा नाकारला. १ जानेवारी २०२१ रोजी दोन तृतीयांश मतांनी तो नकार मोडून काँग्रेसने कायदा केला. पण या कलमाची व्याप्ती 'नागरी अशांतता' या दोन शब्दांपुरती आहे. रस्त्यावर, कामाच्या ठिकाणी किंवा न्यायालयाच्या आवारात होणारी रोजची अटक तीत येत नाही. २०२५ मध्ये तोंड झाकलेल्या आयसीई अधिकाऱ्यांची दृश्ये देशभर दिसू लागली, तेव्हा सिनेटमध्ये आणि प्रतिनिधिगृहात नेमकी ही फट बुजवणारी विधेयके मांडली गेली: स्थलांतरविषयक अटक करताना चेहरा उघडा असावा आणि यंत्रणेचे नाव वाचता येईल असे असावे. मांडणारे सदस्य अल्पमतात होते, आणि विधेयके ज्या समित्यांकडे गेली, त्यांचे अध्यक्ष बहुमताचे.